कोम्पाद्रेसमोर पँट कशी सोडायची

पुनाता, रविवार, ८ जून १९९७

चि. निनोस्का,

तू हल्ली वियामोन्तेसला मासळी साफ करतेस असं कळलं. मासळीच्या ट्रकवर आपल्या गावचा एक जण असतो, त्यानं तुला ओळखलं. म्हणाला, पोरगी खवलं काढता काढता गाणी म्हणते आणि निम्मी मासळी मांजरांना घालते. म्हणजे तूच. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. पाकीट तीन जागी चिकटवलंय. फाटलेलं मिळालं तर माझ्या नावानं त्याला एक ठेवून दे.

गोष्ट अशी की आपल्या खानदानात डॉक्टरकीतलं काही शिकलेली तू एकटीच. नर्सिंगच्या शाळेतून सात महिन्यांत पळालीस हे खरं, पण बाकीच्यांपेक्षा तू सात महिने पुढेच. तेव्हा सल्ला दे. फोन करू नकोस. गावात फोन एकच, चौकातल्या दुकानात, आणि दुकानवाली कान लावून ऐकते नि गिऱ्हाइकांना मोठ्यानं सांगते.

कार्निव्हलपासून मला नीट बसता येत नाही. म्हणजे बसतो, ट्रक काय उभ्यानं चालवणार? पण सांताक्रूझपर्यंतचे बारा तास सहा या बाजूवर आणि सहा त्या बाजूवर काढतो. घाटात वळणं आली की सोय होते, वळण नेईल तिकडे कलायचं. सरळ रस्त्यावर हाल. खालच्या जागी काहीतरी आलंय, द्राक्षाएवढं. बस, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आधी बाजारातल्या औषधवाल्या बाईनं तापलेल्या विटेवर पाला ठेवून त्यावर बसवलं. वीट जास्त तापली होती. मग शहरातल्या दवाखान्यात गेलो. खिडकीतली मुलगी ओरडून विचारते, "काय होतंय?" मागे चाळीस माणसं. मी म्हटलं, "कंबर." तिनं हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं फोटो काढला, म्हणाला, कंबर छान आहे. दुसऱ्या खेपेला म्हटलं, "कंबरेच्या जरा खाली." तिनं लघवीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं पुढून सगळं तपासलं, म्हणाला, "डॉन फ्रोइलान, तुम्ही बैलासारखे आहात, तुमची भानगड मागच्या दाराची दिसते. ते खातं माझं नाही."

मागच्या दाराचं वेगळं खातं असतं का गं? त्यासाठी माणूस खरंच दहा वर्षं शिकतो?

मामीला यातलं काही लिहू नकोस.

तुझा मामा,
फ्रोइलान

*

वियामोन्तेस, १९ जून

मामा,

पाकीट धड आलं. तो माणूस मात्र माझ्याकडे बघून हसत होता. तू पत्र देताना उभा कसा होतास कुणास ठाऊक.

मीही हसले, खोटं कशाला बोलू. विटेपर्यंत आले आणि हातातला मासा नदीत गेला. इथे नदीवर सध्या काय गर्दी आहे म्हणून सांगू! साबालो मासे प्रवाहाच्या उलट उड्या मारत चढतात आणि माणसं दगडावर उभी राहून त्यांना जाळ्यात झेलतात. एक आंधळा म्हातारा आहे, तो नुसत्या आवाजावर झेलतो. मी त्याला विचारलं, कसं जमतं? तो म्हणाला, मासा हवेत असताना पाणी एक क्षण गप्प होतं. दोन दिवस डोळे मिटून ऐकत बसले, मला तर काही गप्प झालेलं ऐकू आलं नाही. असो. तुझं बूड.

तर मामा, तुला मूळव्याध आहे. बहुतेक. बहुतेक म्हणतेय कारण मी इथून बघू शकत नाही, देवाची कृपा. हो, मागच्या दाराचं खातं वेगळं असतं. त्या डॉक्टरला कोलोप्रॉक्टॉलॉजिस्ट म्हणतात. पाठ करू नकोस, चिठ्ठीवर लिहून खिडकीतल्या मुलीला दे. ती वाचू शकली नाही तर ओरडणारही नाही.

आता चांगला कोणता ते ऐक. न बघता "कापू या" म्हणेल त्याला नमस्कार कर नि उठ. न बघता मलम लिहून देईल तोही तसलाच. खरा डॉक्टर आधी सगळं विचारतो, मग बोटानं तपासतो, मग छोट्या नळीनं आत बघतो. बोटाला घाबरू नकोस, अर्ध्या मिनिटाचं काम असतं. सुरुवातीच्या कोंबांना नुसतं रबर बसवतात, वाळून गळून पडतात. सुरीची पाळी सगळ्यांवर येत नाही. बाजारात कुणी सुई टोचून जाळून देतो म्हणाला तर ट्रक चालू ठेवून पळ.

आणि एक प्रश्न. रक्त जातं का? खरं सांग. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला रक्त जात असेल तर ते मूळव्याधीचंच आहे असं धरून चालायचं नाही, लांब नळी घालून सगळं आतडं बघायचं. एवढं एक मी त्या शाळेत नीट शिकले, कारण त्या दिवशी खिडकीजवळची जागा मिळाली नव्हती. तू चोपन्नचा आहेस. मामीला एक्कावन्न सांगितलंयस ते मला माहीत आहे.

तोवर ल्याह्वाचा तिखट ठेचा बंद. तुझ्या जेवणात ठेचा जास्त आणि बटाटा कमी असतो.

निनोस्का

*

पुनाता, रविवार, १३ जुलै

चि. निनोस्का,

रक्ताचं नाव नाही. उगाच अशुभ लिहीत जाऊ नकोस.

डॉक्टर सापडला. कोचाबाम्बात तुझ्या त्या लांबलचक नावाचे दोनच आहेत. एक डॉ. अदालिद रोकाबादो, मोठा माणूस, केस पांढरे, कोटाला इस्त्री. दुसरी एक बाई आहे, त्याच्याच हाताखाली शिकलेली. बाईचा प्रश्नच येत नाही. मी चिठ्ठी दिली, रोकाबादोचा नंबर मागितला. मुलगी म्हणाली, ऑक्टोबर. मी म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत मी उभ्यानं मरेन. ती म्हणाली, मग तेव्हा नंबर लागायचा नाही, लवकर कळवा.

पण तुझ्या मामाला डोकं आहे. परका माणूस ऑक्टोबरची वाट बघतो, कोम्पाद्रे, म्हणजे धर्मपित्याच्या नात्यानं भाऊ झालेला, उद्या सकाळी आत जातो. मी एक टोपली पाव, एक घागर घरी आंबवलेली मक्याची चिचा आणि दोन कोंबड्या घेऊन थेट त्याच्या घरी गेलो, दारात टोपी काढली आणि विनंती केली: डॉक्टरसाहेब, माझ्या ट्रकचे धर्मपिता व्हा. असली विनंती नाकारायची तर माणूस आपल्यातला नसायला लागतो. तो म्हणाला, "मी? ट्रकचा?" त्याच्या बायकोनं तोवर पाव ठेवून घेतले होते.

शुक्रवारी समारंभ झाला. मामी म्हणाली, या ट्रकला तीनदा आशीर्वाद देऊन झालेत, आता पोपच आणा. मी म्हटलं, इंजिन नवं आहे. ट्रकला फुलं, रंगीत कागद, दिवे, सगळं केलं. पाद्र्यानं पाणी शिंपडलं. डॉक्टरनं चारी चाकांना बिअर पाजली, एक बाटली इंजिनवर, एक मला, एक स्वतःला. मग फटाके. मग चिचा. मग निनोस्का, हा माणूस रडायला लागला. म्हणाला, तीस वर्षं झाली, लोक मला रस्त्यात बघून दुसऱ्या बाजूला जातात, मी त्यांचं काय पाहिलंय ते त्यांना आठवतं. मला कुणी कधी कशाचा धर्मपिता केलं नाही. तुम्ही पहिले, कोम्पाद्रे. असं म्हणून त्यानं मला मिठी मारली. मी जरा वाकडा उभा होतो, तरी मारली.

आणि मिठीत असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला.

कोम्पाद्रे झालो आम्ही! आता तो मला "आपण" म्हणतो आणि मी त्याला. त्याच्यासमोर शिवी द्यायची नाही, वाह्यात बोलायचं नाही, टोपी घालून बसायचं नाही. उद्या त्याच माणसाला मी म्हणू काय? "कोम्पाद्रे, आपण जरा बाजूला सरा, मी पँट सोडतो"? माझा बाप त्याच्या कोम्पाद्रेसमोर बाही कधी वर करत नसे. मी कुठल्या तोंडानं वाकू? म्हणजे तोंडाचा प्रश्नच नाही म्हणा.

काय करून बसलो मी?

फ्रोइलान

*

बेर्मेहो, २५ जुलै

मामा,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला उशीर झाला, कारण मासळी संपली आणि एका मुलीबरोबर उसाच्या तोडीला इकडे आले. वाटेत तिचा भाऊ भेटेल म्हणाली होती, तो भेटला नाही, त्याचं गाढव भेटलं, मग गाढव पोचवायला एक दिवस गेला. इथे दुपारी ऊस जाळतात तेव्हा अख्ख्या गावावर काळी राख पडते, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे. मी धुणं सोडून दिलंय.

मामा, अख्ख्या बोलिव्हियात एकच माणूस तुझं बूड बघायला योग्य होता आणि तू त्यालाच नात्यात घेतलंस. मी वाचून दाखवलं तेव्हा ऊसतोडीवाले इतके हसले की मुकादम बघायला आला. मग त्यालाही वाचून दाखवलं. नाव नाही सांगितलं. "एक नातेवाईक" म्हटलं.

मुकादम म्हणाला, सोपं आहे, दुसऱ्याकडे जा. मलाही तेच वाटतं. ती बाई आहे ना? त्याच्याकडेच शिकली म्हणजे हात चांगला असणार. बाईची लाज काय धरतोस? मला लहानपणी तूच धुतलंयस ना, आई आर्जेन्टिनाला गेल्यावर? मी धरली का लाज? उलट रडून अख्खा वाडा डोक्यावर घेत होते, तू सांगायचास.

या महिन्यात जा. ठेचा बंद केलास का? प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देऊ नकोस.

निनोस्का

*

पुनाता, रविवार, १० ऑगस्ट

चि. निनोस्का,

पत्रं मुकादमांना वाचून दाखवायची नसतात.

दुसऱ्याकडे जायचं कसं ते तूच सांग. सगळ्या पुनाताला माहीत आहे की डॉ. रोकाबादो माझा कोम्पाद्रे आहे. त्यानं ट्रकवर नाव रंगवून घेतलंय, दाराखाली, सोनेरी अक्षरात: धर्मपिता डॉ. अ. रोकाबादो. आणि मी ती गाडी दुसऱ्या डॉक्टरच्या दारात उभी करू? त्याच कामासाठी? लोक म्हणतील, फ्रोइलानचा स्वतःच्या कोम्पाद्रेवर विश्वास नाही. तो म्हणेल, माझ्यात काय कमी होतं? माणूस खचेल गं. त्याच्याकडे जाता येत नाही आणि त्याला सोडून कुणाकडे जाता येत नाही. पूर्वी निदान ऑक्टोबर तरी होता.

आणि माणूस किती भला! दर रविवारी बायकोला घेऊन जेवायला येतो. येताना कधी रिकाम्या हातानं नाही. पहिल्या रविवारी पपया आणल्या. दुसऱ्या रविवारी ओट, किलोभर. मग आळूबुखार, सुकवलेले. गेल्या खेपेला चक्क एक गादी आणली, मऊ, मध्ये भोक असलेली, म्हणाला, "कोम्पाद्रे, आपल्या ट्रकसाठी, लांबच्या प्रवासात बरं पडतं." ट्रकचा धर्मपिता असावा तर असा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

तसंही मला आता बरंच बरं आहे. एकानं सांगितलेला पाला लावतोय. काळजी करू नकोस.

मामा

*

पुनाता, १२ ऑगस्ट

निनोस्का,

तुझा मामा खोटं बोलतो. त्याच्या पत्राच्या मागोमाग हे पाठवतेय, दुसऱ्या ट्रकनं.

हे गृहस्थ हल्ली स्वतःची चड्डी स्वतः धुतात. सत्तावीस वर्षांत ज्यांनी स्वतःची ताटली उचलली नाही, ते पहाटे पाटावर जाऊन साबण घासतात आणि मला सांगतात, "तुझे कष्ट वाचवतोय, राणी." मी राणी? मी मागून गेले. पाणी लाल जात होतं, निनोस्का. रोज जातं. पट्ट्याला नवी तीन भोकं पाडलीत खिळ्यानं. मला म्हणतात पट्टा सैल झाला. तोंड मेणासारखं झालंय. परवा गाडीचं चाक बदलताना दोनदा खाली बसले, आणि त्या माणसाला खाली बसायला काय लागतं ते तुला ठाऊक आहे.

रविवारी ते दोघे समोरासमोर बसतात. "आपण घ्या ना." "छे, आधी आपण." मी मधे वाढत असते आणि मला वाटतं, सूप दोघांच्या डोक्यावर ओतावं.

त्यांचं वय चोपन्न आहे. मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

तू काहीतरी कर. तुझं ते ऐकतात असं नाही, पण तुझ्यावर चिडायला त्यांना आवडतं.

मामी ओर्तेन्सिया

*

बेर्मेहो, १९ ऑगस्ट

डॉ. अदालिद रोकाबादो यांस,

मी निनोस्का. तुम्ही ज्या ट्रकचे धर्मपिता आहात, त्या ट्रकच्या मालकाची भाची. त्या नात्यानं आपण कोण लागतो मला माहीत नाही. ट्रक माझा मामेभाऊ धरला तर तुम्ही कुणीतरी लागता.

मला सभ्य पत्र लिहिता येत नाही. तीन कागद फाडले. एकात मी तुम्हाला उसाबद्दलच सांगत बसले होते. तेव्हा सरळ लिहिते. माझ्या मामाला कार्निव्हलपासून मागच्या जागी त्रास आहे. रोज रक्त जातं. वजन उतरलंय. मला तो "रक्ताचं नाव नाही" लिहितो. मी नर्सिंगच्या शाळेत सात महिनेच होते, पण रक्त, वजन आणि चोपन्न वय एका ओळीत आलं की नुसत्या मूळव्याधीवर थांबायचं नाही एवढं मला कळतं. बरोबर ना? चूक असेल तर मला चूक म्हणा, मी आनंदानं ऐकेन.

त्यानं तुम्हाला कोम्पाद्रे केलं ते नंबर लवकर लागावा म्हणून. चिडू नका. आता तो तुमच्यावर जीव टाकतो आणि म्हणूनच तुमच्यासमोर पँट सोडणार नाही. दुसरीकडेही जाणार नाही, तुमचा अपमान होईल म्हणून. त्यापेक्षा मरेन म्हणतोय. तसं लिहीत नाही, पण करतोय तेच.

मला एक सुचलंय. तुमच्या हाताखाली शिकलेल्या त्या बाईंनी मागचं काम करावं आणि तुम्ही डोक्याकडे उभं राहावं. म्हणजे तो दुसऱ्या कुणाकडे गेला असंही होत नाही आणि तुम्हाला काही दिसतही नाही. वेडेपणा वाटत असेल तर दुसरं काही सांगा. मला आई परत मिळाली नाही, हा एक मामा मिळाला. दुसरा माझ्याकडे नाही.

निनोस्का

*

कोचाबाम्बा, २८ ऑगस्ट

कु. निनोस्का यांस,

आपलं पत्र मिळालं. मी रागावलो नाही. उसाबद्दलचा कागद फाडायला नको होता.

आपल्याला वाटतं तसं मला काही ठाऊक नव्हतं असं नाही. बत्तीस वर्षं या धंद्यात आहे. माझी नजर माणसाच्या चेहऱ्यावर नंतर जाते, तो खुर्चीत कसा बसतो ते आधी दिसतं. कोम्पाद्रे फ्रोइलान माझ्या दारात टोपी काढून उभे राहिले आणि माझी पत्नी त्यांना "बसा" म्हणाली, तेव्हा ते "उभाच बरा" म्हणाले, तिथेच मी निदान केलं होतं. ते मला नंबरासाठी मागायला आलेत हेही कळलं होतं. तरी हो म्हटलं. कारण पत्रात नको.

मग मीही अडकलो. नात्याला जपून मी माझ्या कोम्पाद्रेला "कपडे उतरवा" असं कसं सांगणार? मी पपया नेल्या. ओट नेले. आळूबुखार नेले. शेवटी भोकाची गादी नेली, माझ्या मते त्याहून स्पष्ट बोलणं सभ्य माणसाला शक्य नव्हतं. ते म्हणाले, ट्रक खूश होईल.

पण रक्त आणि वजनाचं मला माहीत नव्हतं. ते आपण लिहिलंत. ते कळल्यावर सभ्यपणा हा गुन्हा आहे, आणि त्यात माझा वाटा आहे. आपलं बरोबर आहे, चूक म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मूळव्याध असेलही. तिच्या आडून वर दुसरं काही असूही शकतं. ते बघितल्याशिवाय कुणी सांगू नये.

डॉ. मिरोस्लाव्हा आंतेसाना माझ्यापेक्षा चांगलं काम करते, तिचे हात लहान आहेत. तिला विचारलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही डोक्याकडे काय करणार? वीस वर्षांत त्या टोकाला गेला नाहीत." मी शिकेन म्हणालो.

मंगळवार, ९ सप्टेंबर, सकाळी सात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध सौ. ओर्तेन्सियांकडे पाठवत आहे. कोम्पाद्रेंना तिथवर आणायचं काम मात्र मला जमणार नाही. मी फक्त कोट घालून उभा असेन.

आपला नम्र,
अदालिद रोकाबादो

*

पुनाता, रविवार, १४ सप्टेंबर

निनोस्का,

चिरंजीव वगैरे काही नाही. माझं नाव अख्ख्या देशात लिहून पाठवतेस. भेटलीस की तुला बघतो.

तुझ्या मामीनं मला सांगितलं, "मंगळवारी एकतर शहरात चला, नाहीतर मी चौकातल्या दुकानात जाऊन फोनवर माझ्या बहिणीला सगळं सांगते. मोठ्यानं." बहिणीकडे फोन नाही. पण दुकानात गिऱ्हाइकं असतात.

सोमवारी ते औषध प्यायलो. त्याबद्दल लिहीत नाही. ज्यानं ते शोधलं त्याला घरदार नसावं.

मंगळवारी मला मागून उघडा झगा घातला आणि कुशीवर निजवलं. डोळे उघडले तर समोर कोम्पाद्रे. काळा कोट, टाय, केस चापून बसवलेले, लग्नाला आल्यासारखा. माझ्या मागे कोण आहे ते मी बघितलं नाही. तो म्हणाला, "कोम्पाद्रे, शुभ दिवस. आपण कसे आहात?" मी म्हटलं, "उत्तम. आपण?" तो म्हणाला, "आपल्या कृपेनं." मागून बाईचा आवाज आला: "तुमचं झालं की सांगा, मला कामं आहेत."

मग त्यानं माझा हात धरला. निनोस्का, त्याचा हात गार होता. माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. मी विचारलं, "आपल्याला काही होतंय का?" तो म्हणाला, "मी या बाजूनं कधी बघितलं नव्हतं, कोम्पाद्रे. इकडून फार वेगळं दिसतं." एक इंजेक्शन दिलं, अर्धवट गुंगी आली. तो मला ट्रकबद्दल विचारत राहिला, मी सांगत राहिलो. बाई मधेच म्हणाली, "श्वास सोडा." दोघांनी सोडला.

मूळव्याध आहेच. तीन कोंब. दोनांना रबर लावलं, तिसऱ्याचं पुढच्या महिन्यात. ते काही नाही. पण नळी वर गेली तेव्हा बाई गप्प झाली. मग म्हणाली, "सर, इकडे बघा." कोम्पाद्रे जागचा हलला नाही. म्हणाला, "मी डोक्याकडे आहे, डॉक्टर. आपण सांगा." तिनं सांगितलं. एक गाठ होती, देठाची, बोराएवढी. तिनं तिथल्या तिथे तारेनं कापून काढली. दुखलं नाही. आता ती बाटलीत घालून तपासायला पाठवलीय. ती साधी की वाईट, हे तीन आठवड्यांनी कळणार.

त्यानं माझा हात सोडला तेव्हा त्याच्या बोटांवर माझ्या नखांचे वळ होते. "माफ करा" म्हटलं. म्हणाला, "आपलाच हात आहे."

मी खोटं लिहिलं होतं, रक्ताचं. तुला नाही तर कुणाला खोटं लिहू? बाकीचे समोर असतात.

तीन आठवडे फार लांब आहेत गं. तू कुठे आहेस सध्या? कुठेही अस, पण पत्ता असू दे.

मामा

*

वियासोन, २१ सप्टेंबर

मामा,

मी सरहद्दीवर आहे. पूल ओलांडला की आर्जेन्टिना. तिकडे टोमॅटोच्या तोडीला माणसं घेतायत, माझं नाव यादीत आहे, दोनदा पुकारलं. दोन्ही वेळा मी सरबत प्यायला गेले होते. इथे एक बाई पुलावर पाठीवर पिठाची पोती घेऊन धावते, दिवसाला साठ फेऱ्या, तिच्याशी बोलत होते. म्हणाली, पलीकडे काही वेगळं नाही, फक्त घड्याळ एक तास पुढे. मला हसू आलं. मग रडू आलं, कारण तीन आठवड्यांतला एक तास तरी तिकडे लवकर संपला असता.

जात नाहीये. तुझी बाटली कुठे फिरून येतेय ते कळल्याशिवाय मी कुठे जाणार? पत्ता हाच, बसथांब्यामागच्या खाणावळीचा. भांडी घासते. मालकीण म्हणते, मी चांगली घासते पण एकेक ताट फार वेळ बघत बसते.

कालपासून मी डोळे मिटून देवाशी बोलायचा प्रयत्न करतेय. मधेच दुसरंच आठवतं. एकदा मागितलं, एवढं नक्की.

लवकर लिही. वाईट असलं तरी तूच लिही.

निनोस्का

*

पुनाता, रविवार, ५ ऑक्टोबर

चि. निनोस्का,

आज जेवायला कोम्पाद्रे एकटाच आला. कोट तोच, त्या मंगळवारचा. खिशात पाकीट होतं. बंद. म्हणाला, "काल संध्याकाळी आलं. मिरोस्लाव्हा उघडत होती, मी तिला उघडू दिलं नाही. हे आपलं आहे, कोम्पाद्रे. आपण उघडा."

मी म्हटलं, "छे, आपण शिकलेले. आपण उघडा."

"माझा अधिकार नाही. आपण."

"आपण पाहुणे आहात."

मामीनं माझ्या हातातली सुरी घेतली, पाकीट फाडलं, कागद त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "वाचा."

तो वाचायला लागला. निनोस्का, एका पानाला माणसाला किती वेळ लागावा? एकदा वरून खाली गेला. मग पुन्हा वर. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सूप गार झालं. मामीनं खुर्चीची पाठ धरली होती. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता हा "कोम्पाद्रे, धीर धरा" म्हणेल.

त्यानं कागद टेबलावर ठेवला. हळू आवाजात सांगितलं की गाठ वाईट व्हायला निघाली होती. टोकाला सुरुवात झाली होती. पण देठ स्वच्छ आहे, मुळाशी काही नाही, सगळी निघाली. अजून दोन वर्षं थांबलो असतो तर हे जेवण झालं नसतं. दर वर्षी नळी घालून बघायचं, बस. आणि ती मूळव्याध, म्हणाला, तिच्यापायी बसता आलं नाही म्हणून आपण दारोदार हिंडलात. ती नसती तर वर कुणी बघितलंच नसतं.

मग तो माणूस, काळा कोट, पांढरे केस, बत्तीस वर्षांचा डॉक्टर, उठून उभा राहिला, माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांतून धारा, आणि माझ्या टेबलावर, रविवारी, माझ्या बायकोसमोर म्हणाला:

"कोम्पाद्रे, आपल्या ढुंगणानं आपला जीव वाचवला!"

त्याचाच चेहरा पांढरा पडला. हात तोंडावर गेला. माझ्या बापाच्या आणि माझ्या जन्मात कुणी कोम्पाद्रेच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं.

मी काय करणार होतो? चिचाचं भांडं उचललं, त्याचा पेला काठोकाठ भरला, आणि म्हटलं, "आपण म्हणता तर आपलं बरोबरच असणार."

मामी अजून हसतेय.

तुझा मामा,
फ्रोइलान